पबचा मारेकरी कोण? संसद, परवाना आणि साडेचारशे वर्षांचे अर्धवट शहाणपण

१/
ब्रिटनमधले पब बुडत चालले आहेत याविषयी दुमत नाही. १९८० साली तिथे सुमारे ६९ हजार पब होते. २०२३ अखेरीस ते ४५ हजारांच्या आसपास उरले. मधल्या काळात देशाची लोकसंख्या एक कोटीहून अधिक वाढली. मारेकरी कोण, असे विचारताच मात्र ठरलेली उत्तरे पुढे येतात. कोणी धूम्रपानबंदीला दोष देतो, कोणी चोवीस तास मद्यविक्रीच्या कायद्याला, कोणी दारूला न शिवणाऱ्या नव्या पिढीला, तर कोणी करोनाला.

२/
प्रत्येक उत्तरात थोडे तथ्य आहे, आणि नेमकी म्हणूनच ती सारी मिळून दिशाभूल करतात. २००० सालापर्यंतच सुमारे आठ हजार पब नाहीसे झाले होते. तेव्हा इंग्लंडमधली धूम्रपानबंदी सात वर्षे दूर होती, चोवीस तासांचा कायदा झालेला नव्हता आणि करोनाचे नावही कोणी ऐकले नव्हते. आरोपीच्या पिंजऱ्यात खरे तर वेस्टमिन्स्टरच्या संसदेला उभे केले पाहिजे. (हा धागा प्रामुख्याने इंग्लंड व वेल्सविषयी आहे, स्कॉटलंडचा परवाना-कायदा वेगळा.)

३/
आधी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर 'पब' म्हटले की पुण्या-मुंबईतला अंधार, कर्कश संगीत आणि दारातले दोन धिप्पाड रखवालदार उभे राहतात. इंग्लंडचा 'पब्लिक हाउस' हा प्रकार निराळा. नाव सांगते त्याप्रमाणे ते घर आहे, फक्त सर्वांना खुले. मालक वरच्या मजल्यावर राहतो, खाली गावचा बैठकीचा दिवाणखाना असतो. गावातला पार आणि नाक्यावरचे इराण्याचे हॉटेल एकत्र केले, तर त्याच्या थोडे जवळ जाता येईल.

४/
'मास ऑब्झर्व्हेशन' या अभ्यासगटाने १९३७ पासून बोल्टन या गिरणगावातल्या पबांचे बारकाईने निरीक्षण केले. कोण किती वेगाने ग्लास रिकामा करतो हेसुद्धा त्यांनी घड्याळ लावून मोजले! १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातून दिसते ते असे, की घर आणि कामाची जागा सोडली तर बोल्टनचा माणूस सर्वांत अधिक वेळ पबमध्ये घालवीत होता. तिथे तो डॉमिनो खेळे, बचत-मंडळाची वर्गणी भरे, कामगार संघटनेची बैठक घेई. पिणे हे या सगळ्याचे निमित्त होते. कायद्याला मात्र हे निमित्त तेवढे दिसत राहिले.

५/
सुरुवात १५५२ ची. सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत संसदेने ठरवले, की बिअर विकणाऱ्या प्रत्येक घराला दोन स्थानिक दंडाधिकाऱ्यांचा परवाना हवा. हे दंडाधिकारी म्हणजे गावचे जमीनदार. गरीब माणूस कुठे जमतो आणि किती वेळ बसतो, हे ठरवण्याचा अधिकार त्या दिवशी श्रीमंताच्या हाती गेला आणि पुढली जवळजवळ साडेचारशे वर्षे दंडाधिकाऱ्यांकडेच राहिला.

६/
अठराव्या शतकातला जिनचा धुमाकूळ सर्वपरिचित आहे, म्हणून थोडक्यात. १७३६ च्या कायद्याने जिनच्या किरकोळ विक्रीसाठी वर्षाला ५० पौंडांचा परवाना ठेवला. तो घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. विक्री चोरून चालू राहिली आणि खबर देणाऱ्यांना जमावाने बडवले. १७४३ मध्ये तो कायदा गुंडाळावा लागला. १७५१ मध्ये अधिक शहाणा कायदा आला आणि त्याच वर्षी होगार्थने आपली दोन प्रसिद्ध चित्रे काढली. एकात जिनमुळे उद्ध्वस्त झालेली गल्ली, दुसऱ्यात बिअर पिणारे गुटगुटीत, उद्योगी लोक.

७/
बिअर म्हणजे सद्गुण, ही त्या चित्रातली समजूत पुढे राज्यकर्त्यांच्या डोक्यात इतकी भिनली, की १८३० मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या सरकारने एक विलक्षण कायदा केला. कोणाही करदात्याने अबकारी खात्यात दोन गिनी भराव्यात आणि आपल्या घराच्या पुढच्या खोलीत बिअर विकावी; दंडाधिकाऱ्याची परवानगी नको. बिअरवरचा करही उठवला. हेतू उदात्त होता: बड्या ब्रुअरींची मक्तेदारी मोडावी, गरिबाला स्वस्त व शुद्ध बिअर मिळावी, त्याने जिन सोडावी.

८/
पहिल्या सहा महिन्यांत सुमारे २४ हजार नवे बिअरवाले उभे राहिले. आठ वर्षांत ४६ हजार. विणकर, चांभार, विधवा स्त्रिया, ज्याला जमले त्याने दुकान मांडले. पण या माणसांकडे भांडवल कुठे होते? पिंपे, बाके, पहिला माल यांसाठी त्यांनी कर्ज काढले. कर्ज दिले ब्रुअरींनीच, आणि अट घातली की माल आमचाच विकायचा. मक्तेदारी मोडण्यासाठी केलेल्या कायद्याने मक्तेदाराला नवे कुळ मिळवून दिले. हा प्रसंग वाचकांनी ध्यानात ठेवावा. १५९ वर्षांनी तो जवळजवळ जसाच्या तसा पुन्हा घडणार आहे.

९/
१८६९ मध्ये संसदेला उपरती झाली आणि नवे परवाने पुन्हा दंडाधिकाऱ्यांकडे गेले. पाठोपाठ १८७२ चा कायदा आला. त्याचे एक कलम आजही लागू आहे: गाय, घोडा किंवा वाफेचे इंजिन ताब्यात असताना नशेत आढळणे हा गुन्हा आहे. इंग्रजी परवाना-कायद्याचा स्वभावच असा, की गायीची काळजी दीडशे वर्षे टिकते. पबची मात्र कुठल्याच कलमात बसत नाही.

१०/
१८९१ मध्ये 'शार्प विरुद्ध वेकफील्ड' या खटल्यात लॉर्ड्स सभेने निकाल दिला, की जुन्या परवान्याचे नूतनीकरण नाकारण्याचाही दंडाधिकाऱ्यांना अधिकार आहे. परवाने आधीच दुर्मिळ होत चालले होते. आता असलेलेही धोक्यात आले. दुर्मिळ वस्तूचे जे होते तेच परवान्यांचे झाले. १८८६ मध्ये गिनेसने भागबाजारातून प्रचंड भांडवल उभारल्यापासून इतर ब्रुअरीही तोच मार्ग धरून पैसा गोळा करीत होत्या, आणि त्या पैशातून पबमागून पब विकत घेत होत्या. यालाच 'बांधील पब' म्हणतात: इमारत ब्रुअरीची, चालक तिचा भाडेकरू, नळातून येणारी बिअर तिचीच. मद्यपान आटोक्यात ठेवण्यासाठी परवाने कमी केले, आणि मद्य बनवणाराच घराचा धनी झाला.

११/
मग महायुद्ध. १९१५ च्या आरंभी लॉइड जॉर्जने जाहीर केले, की जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांच्याहूनही मोठा शत्रू दारू आहे. राजा पाचव्या जॉर्जने राजवाड्यात मद्यबंदी केली. (मंत्रिमंडळाने तिचे अनुकरण फारसे केले नाही.) दारूगोळ्याच्या कारखान्यांभोवतीच्या प्रदेशांत पब दुपारी अडीच तास आणि सायंकाळी दोन-तीन तासच उघडे राहू लागले. एकाने दुसऱ्याला पेला पाजणेही गुन्हा ठरले. नवऱ्याने स्वतःच्या बायकोला पाजला तरी दंड! युद्ध संपले, कैसर गेला, आणि दुपारची टाळेबंदी १९२१ च्या कायद्याने कायम झाली. इंग्लंडमध्ये ती १९८८ पर्यंत टिकली. तोफगोळे वेळेवर तयार व्हावेत म्हणून बंद केलेले दार उघडायला ७३ वर्षे लागली.

१२/
याच युद्धाने एक वेगळा प्रयोगही जन्माला घातला आणि तो इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा तळटिपेतच सापडतो. ग्रेटना येथील प्रचंड दारूगोळा कारखान्याचे हजारो मजूर जवळच्या कार्लाइल शहरात येऊन धिंगाणा घालत. १९१६ मध्ये सरकारने तिथल्या ब्रुअरी आणि आसपासचे सारे पब थेट ताब्यात घेतले. मग सरकारने काय करावे? निम्मे बंद केले, हे अपेक्षितच. पण उरलेले सुधारले. वास्तुविशारद हॅरी रेडफर्न याने नवे पब बांधले: प्रशस्त, उजेडाचे, बसायला भरपूर जागा असलेले, जेवण मिळणारे. पबचा व्यवस्थापक पगारी नोकर झाला. बिअर जास्त खपवली म्हणून त्याला कमिशन नसे. जेवण आणि सरबत खपवले तर असे.

१३/
लक्षात घ्या, साडेचारशे वर्षांत शासनाने 'पब ही जागा कशी असावी' असा प्रश्न स्वतःला विचारला तो या एका ठिकाणी. कार्लाइलचा प्रयोग तोट्यातही नव्हता. तो सरकारी तिजोरीत भरच घालत होता. १९७१ मध्ये एडवर्ड हीथच्या सरकारने कायदा करून तो मोडीत काढला आणि पुढल्या दोन वर्षांत पब विकून टाकले. शासनाने दारू का विकावी, एवढेच कारण पुढे केले गेले. ज्या शासनाने साठ लाखांवर माणसांना युद्धावर पाठवताना खासगी व्यवहाराचा संकोच केला नाही, त्याला शांततेच्या काळात चांगल्या चाललेल्या शेदोनशे पबांचा संकोच वाटला.

१४/
आता पबच्या खऱ्या प्रतिस्पर्ध्याकडे वळू. १९६१ पर्यंत बाटली घरी नेण्यासाठी विकणाऱ्या दुकानालाही पबसारख्याच ठरावीक वेळा पाळाव्या लागत. त्या वर्षीच्या कायद्याने दुकानांना दिवसभर विक्रीची मुभा दिली. १९६४ मध्ये मालाची किरकोळ किंमत उत्पादकाने ठरवण्याची पद्धत कायद्याने मोडली. या दोन कलमांतून सुपरमार्केटची दारूची मांडणी उभी राहिली. पबचे दार मात्र आणखी २७ वर्षे दुपारी बंदच! एकाच वस्तूचे दोन विक्रेते, एकाच्या दाराला सरकारी कुलूप आणि दुसऱ्याला मोकळे रान. याला बाजाराचा कौल म्हणणे ही विनोदबुद्धीची कमाल आहे.

१५/
किमतीचेही तसेच. सुपरमार्केट बिअर तोट्यात विकून ग्राहक ओढते आणि तो तोटा साबण-बिस्किटांवर भरून काढते. पबचालकाकडे साबण नाही. त्याच्या जेवणावर व्हॅट लागतो, सुपरमार्केटच्या बहुतेक खाद्यपदार्थांवर शून्य. २००८ ते २०१३ या काळात बिअरवरचा कर दरवर्षी महागाईपेक्षा दोन टक्के अधिक वाढवला गेला. २०१० च्या दशकाच्या मध्यावर, ब्रिटिश इतिहासात प्रथमच, पबपेक्षा अधिक बिअर दुकानांतून विकली गेली.

१६/
तरीही सर्वांत मोठा घाव १९८९ चा. मक्तेदारी आयोगाने दोन वर्षांहून अधिक अभ्यास करून अहवाल दिला: सहा राष्ट्रीय ब्रुअरी देशातली तीन चतुर्थांश बिअर बनवतात आणि हजारो पब त्यांच्या दावणीला आहेत. शिफारस स्पष्ट होती, की कोणत्याही ब्रुअरीकडे दोन हजारांहून अधिक पब नसावेत. ब्रुअरींनी आकाशपाताळ एक केले, थॅचर सरकारने शिफारस पातळ केली, आणि डिसेंबर १९८९ मध्ये 'बिअर ऑर्डर्स' निघाल्या. दोन हजारांच्या वर जितके पब असतील, त्यांतले निम्मे १९९२ च्या नोव्हेंबरपर्यंत मोकळे करा. असे सुमारे ११ हजार पब सुटणार होते.

१७/
या आदेशात एक भोक होते, इतके मोठे की त्यातून पिंप आरपार जावे. मर्यादा घातली होती ती ब्रुअरीवर. जी कंपनी बिअर बनवतच नाही, तिने किती पब बाळगावेत यावर कसलेही बंधन नव्हते. म्हणून पब चालकांच्या हाती आलेच नाहीत. ते गठ्ठ्याने नव्या मालमत्ता-कंपन्यांकडे गेले. १९९१ मध्ये स्थापन झालेली एंटरप्राइझ इन्स आणि १९९७ ची पंच टॅव्हर्न्स या त्यांतल्या प्रमुख. २००० च्या दशकाच्या मध्यापर्यंत या दोघींकडे प्रत्येकी आठ-नऊ हजार पब होते. आयोगाला सहा राक्षसांची भीती वाटली होती. त्या सहांपैकी एकाकडेही इतके पब नव्हते. आता १८३० आठवावे.

१८/
जुनी ब्रुअरी लुबाडत असेल, पण तिला स्वतःची बिअर खपायला हवी होती, म्हणून पब चालू राहण्यात तिचा स्वार्थ होता. नव्या मालकाचा स्वार्थ भाड्यात आणि इमारतीखालच्या जमिनीत. पबचालक भाडे देई, शिवाय बिअर खुल्या बाजारापेक्षा चढ्या भावाने मालकाकडूनच घेई. भविष्यातली ही सारी भाडी तारण ठेवून कंपन्यांनी अब्जावधी पौंडांचे कर्ज उचलले. २००८ चे आर्थिक संकट कोसळले, आणि कर्ज फेडण्यासाठी पब विकायला निघाले. ग्राहक कोण? घरबांधणीवाले आणि सुपरमार्केट. अनेक पब बंद झाले ते गल्ला रिकामा होता म्हणून नव्हे; इमारत पब म्हणून जेवढ्याला जाई त्यापेक्षा सदनिका म्हणून जास्त किमतीला जात होती.

१९/
दुरुस्ती व्हायला जवळजवळ पंचवीस वर्षे लागली आणि तीही सरकारच्या मनाविरुद्ध. नोव्हेंबर २०१४ मध्ये ग्रेग मलहॉलंड या खासदाराने मांडलेली दुरुस्ती २८४ विरुद्ध २६९ मतांनी मंजूर झाली, सरकार हरले, आणि २०१६ पासून बांधील पबचालकाला बिअरचे बंधन सोडून केवळ बाजारभावाने भाडे देण्याचा पर्याय मिळाला. तोही पाचशे किंवा त्याहून अधिक बांधील पब असलेल्या कंपन्यांपुरता, आणि अटी-तारखांच्या जंजाळातून वाट काढली तर.

२०/
आता २००३ च्या प्रसिद्ध कायद्याविषयी, जो २४ नोव्हेंबर २००५ ला अंमलात आला. 'चोवीस तास दारू' म्हणून वृत्तपत्रांनी त्याच्या नावाने गळा काढला. प्रत्यक्षात चोवीस तासांचे परवाने घेतले ते मुख्यतः हॉटेलांनी, आपल्या मुक्कामी पाहुण्यांसाठी. सुपरमार्केटांनीही ते मोठ्या संख्येने घेतले. पब त्यांत थोडेच होते. त्या कायद्याचे खरे पाप दुसरीकडे आहे. परवाने दंडाधिकाऱ्यांकडून नगरपरिषदांकडे देताना त्याने परवान्याची चार उद्दिष्टे लिहून दिली: गुन्हे रोखणे, सार्वजनिक सुरक्षितता, उपद्रव रोखणे, मुलांचे संरक्षण. चारही वाजवी आहेत. चारही पबकडे संभाव्य गुन्हेगार म्हणून पाहतात. या जागेचा गावाला काही उपयोग आहे का, हे विचारायला पाचवे कलम नाही.

२१/
त्याच कायद्याने आणखी एक सूक्ष्म हिंसा केली. पूर्वी पबमध्ये दोन वादकांनी वाजवायला वेगळा परवाना लागत नसे. कोपऱ्यात एक फिडल आणि एक गिटार, एवढ्यावर कित्येक पबांच्या संध्याकाळी चालत. २००५ पासून त्यासाठीही मनोरंजनाचा परवाना आला. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर फुटबॉल दाखवायला मात्र तो नको! ही चूक दुरुस्त व्हायला २०१२ चा लाइव्ह म्युझिक कायदा यावा लागला.

२२/
धूम्रपानबंदीविषयी प्रामाणिक असले पाहिजे. इंग्लंडमध्ये ती १ जुलै २००७ पासून आली, आणि शहरी कामगारवस्तीतल्या, अंगण नसलेल्या पबांना तिने जबर तडाखा दिला. पण पेले भरणाऱ्या नोकराची फुप्फुसे गिऱ्हाइकाच्या चैनीसाठी जाळावीत, असे म्हणणे कोणत्याही सभ्य माणसाला शोभणारे नाही. तो कायदा योग्यच होता. ज्या पबचालकाचा नफा मालकाने आधीच पिळून घेतला होता, त्याला मागे एक छप्पर टाकायलाही पैसे उरले नव्हते. प्रश्न तिथे आहे.

२३/
आणि पबची भाबडी आरतीही नको. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील 'एल व्हिनो' या पत्रकारांच्या अड्ड्यात स्त्रियांना काउंटरपाशी उभे राहू देत नसत; १९८२ मध्ये अपील न्यायालयाने त्याला बेकायदा ठरवले. स्मेदिक या ओतकामाच्या गावात अनेक पब भारतीय व कॅरिबियन कामगारांना मुख्य खोलीत बसू देत नसत. फेब्रुवारी १९६५ मध्ये माल्कम एक्स तिथे गेले होते आणि 'ब्लू गेट्स' या पबमध्ये त्यांनी तो भेदभाव स्वतः पाहिला. त्याच वर्षीच्या वंशसंबंध कायद्याने सार्वजनिक जागेतील हा भेद बेकायदा ठरवला.

२४/
पुढचे अधिक मनोरंजक आहे. ज्यांना दारात अडवले, त्याच पंजाबी कामगारांच्या पिढीने स्मेदिक आणि वेस्ट ब्रॉमिच परिसरातले बुडते पब चालवायला घेतले. आज ते 'देसी पब' म्हणून ओळखले जातात: नळाला बिअर, तव्यावर मसालेदार मांस, टेबलाभोवती गोरे आणि पंजाबी म्हातारे शेजारी-शेजारी. स्थलांतरितांमुळे पब बुडाले असे बरळणाऱ्यांनी तिथे एकदा जाऊन जेवावे. कायद्याने दार उघडायला लावले तेव्हा पब बदलू शकला, हेही त्यातून दिसते.

२५/
शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: लोक कमी पितात, पब कमी होतात, यात वाईट काय? मद्याने होणारे नुकसान खरे आहे आणि कोणत्याही बाकावर बसून ते नाकारता येणार नाही. पण आकडे काय सांगतात? केवळ मद्यामुळे झालेले मृत्यू ब्रिटनमध्ये २०१९ साली ७,५६५ होते. २०२० मध्ये पब महिनोन्महिने कुलूपबंद राहिले आणि तो आकडा ८,९७४ वर गेला. २०२२ मध्ये तो १०,०४८ झाला. दारू बंद पडली नव्हती. ती स्वयंपाकघरात गेली होती, जिथे 'आता पुरे, घरी जा' म्हणणारे कोणी नसते. तसे म्हणणे हे पबचालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे, कारण नशेतल्या माणसाला पेला देणे हा त्याच्यासाठी गुन्हा ठरतो. फ्रिजवर असे कर्तव्य कोणी लादलेले नाही.

२६/
एप्रिल २०१५ मध्ये लंडनच्या मेडा व्हेल भागातला 'कार्ल्टन टॅव्हर्न' हा १९२० च्या दशकारंभीचा पब मालकाने परवानगी न घेता एका दिवसात पाडला. तिथे त्याला सदनिका हव्या होत्या आणि नगरपरिषदेने त्या नाकारल्या होत्या. संरक्षित वास्तूंच्या यादीत पबचे नाव घालण्याचा विचार चालू होता, त्यामुळे त्याच्या बारीक नोंदी सुदैवाने झाल्या होत्या. रहिवासी लढले. परिषदेने आदेश काढला: होता तसा, विटेवर वीट ठेवून पुन्हा बांधा. अपील फेटाळले गेले. एप्रिल २०२१ मध्ये त्याचे दार उघडले. त्याआधी २०१३ मध्ये नन्हेडच्या रहिवाशांनी २०११ च्या स्थानिक-स्वराज्य कायद्याचा आधार घेऊन 'आयव्ही हाउस' स्वतः विकत घेतला होता.

२७/
ही दोन्ही नावे पुन्हा पुन्हा सांगितली जातात, कारण अशी नावे फार नाहीत. इंग्लंडमध्ये मे २०१७ पर्यंत पबचे दुकान करायला बहुतेक ठिकाणी नियोजन-परवानगी लागतच नव्हती. बाजूच्या धोब्याला शिलाईचे यंत्र बसवताना जेवढी चौकशी झाली असती, तेवढीही नाही. त्या मुभेचा लाभ घेऊन अनेक पबांच्या जागी सुपरमार्केटच्या छोट्या शाखा आल्या. कित्येक ठिकाणी दर्शनी भाग जुनाच आहे, हिरव्या फरशा आणि कोरीव अक्षरेही शाबूत आहेत. आत, जिथे काउंटर होता साधारण त्याच जागी, बिअरच्या डब्यांचे कपाट आहे, आणि त्याचा परवाना पहाटेपासून रात्री अकरापर्यंतचा आहे.